दळवीबाईंचं भूत

भुतांच्या गोष्टी लिहिणाऱ्यांचा मला राग आहे. लोकांच्या मानगुटीवर आधीच पुष्कळ भुतं बसलेली असताना आणखी एक कागदावर काढून द्यायचं आणि दिवाळी अंकाचा खप वाढवायचा, हा धंदा मला कधी पटला नाही. या रागातून मी एकच माणूस वगळतो. कशेळ्याच्या शाळेतल्या कुसुम दळवी, आमच्या दळवीबाई. त्यांना का वगळतो ते सांगायला बसलो आहे.

मी भिवपुरीचा. वडील पॉवर हाऊसमध्ये फिटर आणि युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरी पंचांग नव्हतं, पत्रकं होती. अक्षरं गिरवली तीही 'कामगार बंधूंनो'पासून. आणीबाणीच्या थोडं आधी कशेळ्याच्या शाळेत नोकरीला लागलो तेव्हा माझ्या पिशवीत कपडे कमी आणि पत्रकं जास्त होती. पहिल्याच दिवशी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना एकेक वाटलं. मथळा होता, 'भूत नाही, भीती आहे!' बाकीच्यांनी घडी करून खिशात घातलं. कोपऱ्यात चष्मा कपाळावर चढवून बसलेल्या एका जाडसर बाईंनी मात्र ते लाल पेन्सिलीनं तपासून परत दिलं. दहापैकी चार.

"चार का?" मी विचारलं.

"हे एकच वाक्य अर्धं पान चाललंय. भूत पळेल रे, पण वाचणाराही पळेल. आणि 'अज्ञ जनता' कुणाला म्हणतोस? तीच वाचणार ना हे?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या लेखी 'पत्रक' झालो. "ए पत्रक, खडू आण." "पत्रक, आज डबा नाही आणलास? ये, भाकरी घे." शाळेतली पोरंही पाठीमागे मला पत्रकगुरुजी म्हणू लागली.

बाई वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायच्या आणि रागावल्या की खालापूरकडच्या माहेरचं. पोरांना हे ठाऊक होतं. "बसा खाली" म्हणाल्या तर कुणी बसत नसे. "बस रं मुडद्या" म्हणाल्या की सगळा वर्ग बसायचा. हातात काळी छत्री बारा महिने. तिची मूठ तुटलेली होती, तिथं त्यांनी लाटण्याचा तुकडा बसवून घेतला होता. पावसापेक्षा बाईंना उन्हाची धास्ती जास्त. भर दुपारी रस्त्यात कुणी म्हातारं माणूस दिसलं की छत्री त्याच्या डोक्यावर धरून त्याच्या घरापर्यंत जायच्या आणि मग तास बुडाला म्हणून हेडमास्तरांची बोलणी खायच्या.

त्या भुतांच्या गोष्टी लिहीत. जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर, बारीक अक्षरात. प्रत्येक गोष्ट शनिवारी शेवटच्या तासाला सातवीच्या पोरांवर तपासून बघायच्या. मी एकदा खिडकीतून ऐकलं. गोष्ट संपली, पोरं एकमेकांना चिकटून बसली होती. बाईंनी एका पोरीला उभं केलं.

"भीती वाटली?"

"हो बाई."

"कशाची गं?"

"त्या वडाची. वारा आला ना तवा."

बाईंनी लगेच पेन्सिल घेतली आणि वडाचं आख्खं वर्णन खोडलं. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "झाडाची भीती वाटली म्हणजे गोष्ट फसली. त्या झाडाखाली ज्यांनी तोंड फिरवलं त्या माणसांची वाटायला हवी होती."

दुसरा त्यांचा हट्ट म्हणजे भूत दुपारी यायचं. रात्रीचं भूत त्यांना बिलकूल मान्य नव्हतं. "काळोखात काय, दगडसुद्धा भूत दिसतो," म्हणायच्या. "लखलखीत उन्हात, सगळं दिसत असताना काहीतरी होतं आणि कुणी बघत नाही. भ्यायचं तर त्याला."

मी वाद घालायचो. भूत दुपारी आणलं तरी भूतच ना! त्या शांतपणे भाकरी मोडत म्हणायच्या, "तुझ्या पत्रकानं कुणाला रडू आलंय का आजवर?" आलं नव्हतं. तरी मी वाद सोडला नाही, आजही सोडलेला नाही.

दिवाळी अंकात छापून आलेली त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट 'मडकं'. ती अशी. एका गावच्या विहिरीवर बाया पाणी भरतात. ऊन चढलं की खालून, पायरीपाशी, कुणीतरी विचारतं, "बाय, पानी घालशील?" वळून बघावं तर पायरीवर एक रिकामं मडकं. माणूस नाही. बाया भितात, दुपारी विहिरीवर जाणं सोडतात, मग ती विहीरच सोडतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला नवी विहीर खणतात. पहिलं पाणी लागतं, नारळ फुटतो, पोहरा वर येतो, आणि भर उन्हात खालून आवाज येतो, "बाय, पानी घालशील?" कुणीच उत्तर देत नाही. तिथं गोष्ट संपते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा खोलीत माठ होता, पण उठून पाणी प्यायला धीर झाला नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही.

गोष्ट निव्वळ काल्पनिक नव्हती. ती बाईंनी कशेळ्याच्या बाजारात मिळवली होती. तिथं पारू नावाची म्हातारी बसायची, डोंगराकडच्या कातकरवाडीतली. उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या, एरवी सरपणाची मोळी. बाई तिच्याकडून करवंदं घेत होत्या. बोलता बोलता पारूनं माहेर विचारलं. बाईंनी गावाचं नाव सांगताच तिनं हातातलं माप खाली ठेवलं.

"तुमच्या इहिरीवर माजी आय मेली," ती म्हणाली.

पारूचे आईबाप त्या गावाजवळ कोळशाच्या भट्टीवर कामाला होते. ओढा आटलेला. वाडीवरच्यांनी गावच्या विहिरीला हात लावायचा नाही, खाली उभं राहायचं, कुणी घातलं तर घ्यायचं, असा तिथला नियम. पारूची आई मडकं घेऊन दुपारभर पायरीपाशी उभी राहिली. बाया आल्या, भरून गेल्या. ती तिथंच कोसळली. पुढं त्या विहिरीवर दुपारी चेटकीण असते असं गावानं ठरवलं. बाई लहान असताना त्यांनाही सांगितलेलं होतं, बारा वाजता विहिरीवर जाऊ नको, कातकरीण धरते. आणि पारूला वाढताना एकच नाव मिळालं, चेटकिणीची पोर.

बाई माहेरी गेल्या आणि आईला विचारून आल्या. त्या दुपारी विहिरीवर दोर कुणाच्या हातात होता? आईनं सांगितलं ते घेऊन त्या पुढच्या बाजाराला पारूसमोर जाऊन बसल्या. "दोर माझ्या आजीच्या हातात होता," म्हणाल्या. "मी हे लिहू का?"

पारूनं करवंदांवर पाणी शिंपडलं. "लिव. तुज्या आजीला काय बोलायचं ता बोल. माज्या आयेला चेटकीन नको करू."

"नाही करणार. कुणाला करू देणार नाही," बाईंनी शब्द दिला.

मग एक दिवस शाळेसमोर मोटार थांबली. काळा चष्मा, गळ्यात रुमाल, मुंबईचे सिनेमा दिग्दर्शक. 'मडकं'वर त्यांना भयपट करायचा होता. मी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं, कराराचा कागद नीट वाचा, वकिलाला दाखवा. त्यांनी ऐकलं नाही. त्यांची स्वतःची पद्धत होती. त्यांनी पिशवीतून सुपारी काढली, अडकित्ता काढला, दिग्दर्शकाच्या समोर बसल्या.

"हे बघा, त्या बाईला चेटकीण करायची नाही. भूत दुपारचंच. कबूल?"

"अहो अगदी! कथेचा आत्मा तोच तर आहे!"

बाईंनी सुपारी फोडली, अर्धी त्याला दिली, अर्धी आपण खाल्ली. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्नं ठरतात, बांध सरकायचे थांबतात, भाऊ भावाशी पुन्हा बोलू लागतो. फुटलेल्या सुपारीवरून मागं फिरलेला माणूस मी या तालुक्यात पाहिलेला नाही. बाईंना वाटलं झालं, पक्कं. त्या गृहस्थाला वाटलं, मुखशुद्धी.

शूटिंग खालापूरकडच्याच एका पडक्या विहिरीवर लागलं. आम्ही एसटीनं गेलो. बाईंनी नवं लुगडं नेसलं होतं. तिथं मोठ्या काळ्या कापडांनी ऊन अडवून दुपारची रात्र केलेली. पांढऱ्या साडीतली एक मुलगी खुर्चीत बसून भेळ खात होती. एक माणूस तिच्या पायांवर रबराचे पाय चढवत होता. टाचा पुढे, बोटं मागे.

"ही कोण?" बाईंनी विचारलं.

"मेन भूत," तो माणूस म्हणाला. "चेटकीण. पोरांचं रक्त पिते. शेवटी हिरो हिला त्रिशूळ मारतो."

बाई दिग्दर्शकाकडे गेल्या. "तुम्ही सुपारी खाल्लीत."

"कसली सुपारी?" तो खरोखरच विसरला होता. मग आठवून हसला. "बाई, तुमची कथा ग्रेट आहे. पण पाणी मागणाऱ्या भुताला तिकीट काढून कोण येणार? आणि दुपारी भूत? पब्लिक डुलकी काढेल."

बाई वळल्या, त्या रबराच्या पायांतला एक उचलला, पिशवीत टाकला आणि छत्री उघडून चालू लागल्या. मागून आरडाओरडा झाला. "अहो बाई! पाय! चेटकिणीचा पाय!" बाई एसटीत बसल्या ते माझ्याशी कर्जत येईपर्यंत बोलल्या नाहीत. कर्जतच्या स्टँडवर उतरताना एवढंच म्हणाल्या, "सुपारी खाऊन गेला रं मुडदा."

तो पाय शाळेत शिक्षकांच्या खोलीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून लावला जाई. शाळातपासणीला आलेले साहेब त्याला अडखळले होते.

हसण्यावारी नेता येईल अशी गोष्ट नव्हती, कारण पारू होती. दर बाजाराला ती बाईंना विचारायची, "माज्या आयेचा शिनेमा कंदी येनार गं?" तिनं वाडीवर सगळ्यांना सांगितलं होतं. आयुष्यभर चेटकिणीची पोर म्हणून घेतलेल्या त्या म्हातारीच्या आईचं खरं काय ते आता पडद्यावर चारचौघांना कळणार होतं. बाई म्हणायच्या, "येईल गं." आणि करवंदं न घेताच परत यायच्या. बोलक्या बाई तेव्हा गप्प झाल्या. पोरांवर गोष्टी तपासून बघणं बंद पडलं.

भातं झोडून झाली, शेतं मोकळी झाली आणि कशेळ्याला तंबू आला. फिरता टॉकीज. जीप कर्णा लावून फिरू लागली आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर पोस्टर लागलं. सिनेमाचं नाव मी इथं लिहीत नाही. पोस्टरवर ते पुरेसं मोठं होतं. उलट्या पायांची बाई, तोंडातून रक्त, खाली 'सत्यकथेवर आधारित'.

मी पेटलो. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं, चार पोरं गोळा केली आणि बाईंकडे गेलो. "खेळ बंद पाडू! तंबूसमोर बसू! बघू कोण आत जातं!"

बाईंनी पत्रक वाचलं. "सहा," म्हणाल्या. "सुधारतोयस." मग कागद बाजूला ठेवला. "बंद पाडलास तर पारूनं काय बघायचं? पोस्टर? ते तर भिंतीवर राहणारच."

"मग?"

"तंबूवाल्याचं मशीन एकच आहे का रे?"

एकच होतं. एकाच मशीनवर सिनेमा दाखवायचा म्हणजे रीळ संपलं की थांबायचं, दिवा लावायचा, दुसरं रीळ चढवायचं. तेवढ्यात लोक बिड्या ओढत, शेंगदाणे घेत, पोरांना बाहेर नेत. बाई तंबूवाल्याकडे गेल्या. तो मुरबाडकडचा होता, कानात बाळी, जाड मिशा. बाईंनी त्याच्यासमोर सुपारी ठेवली. त्यानं ती बघितली, पण हात लावला नाही.

"आदी सांगा बाई, कशाची?" तो म्हणाला. त्याला सुपारी कळत होती.

"रिळामधल्या वेळात माईक माझा."

"कायला?"

बाईंनी सांगितलं. सगळं सांगितलं, आजीसकट. त्यानं मिशीवरून हात फिरवला. "पब्लिक शिव्या घालंल."

"मला घालंल. तुझी तिकिटं तर गेलेली असतील."

त्यानं अडकित्ता मागून घेतला.

पहिला खेळ दिवेलागणीला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये दोर. बाई पारूला घेऊन पुढेच बसल्या. पारूनं धुतलेलं पातळ नेसलं होतं, वाडीवरच्या पाचसहा जणी तिच्याभोवती. थोड्या मागे भागीकाकी बसली होती. तिचं घर कशेळ्याच्या विहिरीला लागून, आणि विहिरीचा दोर जणू तिच्याच हुंड्यात आलेला. पारूला ती पाणी द्यायची, नाही असं नाही. पण वरून ओतून. पारूनं दोर धरलेला कशेळ्यानं बघितलेला नव्हता.

पहिल्या रिळातच चेटकीण दिसली. तंबूत किंकाळ्या. पारूनं बाईंचा दंड धरला. "ही कोन?" बाई म्हणाल्या, "थांब जरा." रीळ संपलं, दिवा लागला आणि बाई माईकपाशी उभ्या राहिल्या.

"मंडळी, ही गोष्ट मी लिहिली. ती अशी नाही. खरी काय ती सांगते."

"बाई, गाणं लावा!" पुरुषांतून आवाज आला. शिट्ट्या झाल्या. "बाई, आज गृहपाठ नको!"

"बाळ्या, बस खाली! तेराचा पाढा अजून येत नाय तुला, आवाज कुनाला देतोस रं?"

तंबू हसला. बाळ्या, चांगला दोन पोरांचा बाप, बसला. निम्मा तंबू बाईंच्या हाताखालून गेला होता. बाई कोळशाच्या भट्टीपाशी पोहोचल्या आणि दुसरं रीळ सुरू झालं.

दुसऱ्या रिळानंतर त्यांनी पिशवीतून तो रबराचा पाय काढून उंच धरला. "ओळखलात का? चेटकिणीचा पाय. आमच्या शाळेत दाराला लावतो." त्यानंतर जो हशा उसळला, तो पुढच्या रिळात चेटकीण चालत आली तरी थांबेना. "अगं पडशील!" कुणीतरी पडद्याकडे बघून ओरडलं. "एक पाय शाळंत हाय तुजा!" पारू पहिल्यांदा हसली.

मग मात्र बाईंनी हसू दिलं नाही. त्यांनी ऊन सांगितलं. पायरी, मडकं, वरच्या बाया, भरून निघून जाणारे हंडे. रीळ केव्हाच चढवून झालं होतं. ऑपरेटरनं दिवा घालवला, तसं कुणीतरी गरजलं, "थांब रं! बाईंचं होऊ दे!" तो बाळ्याच होता. दिवा परत लागला.

"दोर माझ्या आजीच्या हातात होता," बाई म्हणाल्या. "पोहरा भरलेला होता. खाली पारूची आई उभी. उन्हानं डोळ्यांपुढे अंधारी आलेली. तिनं वर बघितलं आणि विचारलं, 'बाय, पानी घालशील?'"

आणि बाई थांबल्या. त्यांच्या गोष्टीत यापुढं काही नाही. मी ती पाठ केली होती, मला ठाऊक होतं. एक पोर कुठंतरी खोकलं. बाई तशाच उभ्या.

"घालते गं बाय," बायकांमधून आवाज आला. "ये. वर ये."

माना वळल्या. ती भागीकाकी होती. पदराचा बोळा तोंडाशी धरलेला, डोळे भरलेले.

पारूनं मागं वळून तिच्याकडे बघितलं, बराच वेळ. बाई येऊन तिच्याशेजारी बसल्या. शेवटचं रीळ पारूनं नीट, शेंगदाणे खात बघितलं. हिरोनं त्रिशूळ मारला, चेटकीण जळाली, तंबूतून एक टाळी पडली नाही. मी दोराच्या या बाजूला जवळच होतो. पारूनं मला विचारलं, "ही कोन मेली रं?"

"चेटकीण," मी म्हणालो.

"असंल कोनतरी," ती म्हणाली. "माजी आय नाय ती."

दुसऱ्या दिवशी भागीकाकी घरच्यांवर चिडली होती. "माज्या तोंडातून निगून गेलं! ध्यान नव्हतं माजं!" पण चारचौघांत शब्द गेला होता, आणि चारचौघांत गेलेला शब्द म्हणजे फुटलेली सुपारी. पारू हंडा घेऊन आली तेव्हा भागीकाकी दारातच उभी होती. विहिरीचा दोर तिच्याच हातात होता. मग काकीनं दोर पारूच्या अंगावर फेकला. "धर. आन् पोहरा कडंला आपटू नको, चेपतो." काही बाया रागानं लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. ती फार लांब होती. उन्हाळा लागल्यावर एकेक करून परत आल्या. मी यावर पत्रक काढणार होतो. बाई म्हणाल्या, "काढू नको. त्यांना आपणहून आल्यासारखं वाटू दे."

हे मला तेव्हा पटलं नाही. आताही पूर्ण पटत नाही. जे हक्काचं आहे ते तंबूतल्या एका बाईच्या रडण्यातून मिळावं, याची मला चीड येते. ती मी बाईंनाही ऐकवली होती. "चीड ठेव," म्हणाल्या. "उपयोगी पडेल. पण वाक्यं लहान लिही."

निवृत्तीनंतर बाई कळंबला मुलीकडे राहायला निघाल्या. निरोपाच्या समारंभात हेडमास्तर इतका वेळ बोलले की बाईंनी बसल्याबसल्या त्यांच्या भाषणाला गुण दिले, मला खुणेनं दाखवून. सामानात एक ट्रंक, एक वळकटी आणि त्या पिशवीतून डोकावणारा रबराचा पाय. एसटी स्टँडवर लागलेली होती. मी ट्रंक टपावर चढवली आणि बघतो तर बाई नाहीत.

त्या विहिरीवर होत्या. भर दुपार. पारू काठावर उभी राहून पोहरा ओढत होती. बाई खाली पायरीपाशी गेल्या, छत्री मिटून भिंतीला टेकवली, उघड्या डोक्यानं उन्हात वाकून उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"बाय," त्या म्हणाल्या, "पानी घालशील?"

पारूनं वरून बघितलं. कपाळावरचा घाम दंडानं पुसला.

"दम धर," ती म्हणाली. "आदी माजा हंडा भरू दे."

कंडक्टरनं घंटा मारली, ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाई हलल्या नाहीत. तशाच ओंजळ धरून, हसत, उन्हात उभ्या होत्या.